गुडघ्यातली गादी आणि पावणेतीनशे वर्षांचा हिशेब

१७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विल्यम हंटर नावाच्या एका स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाचा निबंध वाचला गेला. हंटर तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचा होता. पुढे तो राणीचा वैद्य झाला, प्रसूतिशास्त्रात त्याचं नाव झालं, त्याचा धाकटा भाऊ जॉन तर त्याच्याहूनही प्रसिद्ध शल्यचिकित्सक झाला. पण हा निबंध त्या सगळ्याच्या आधीचा. विषय होता सांध्यांमधली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा पांढरा, गुळगुळीत, चिवट थर. हंटरने तिचे तंतू बारकाईने पाहिले आणि ते मखमलीच्या लवेसारखे हाडावर उभे असतात असं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकांच्या आजच्या ताकदीचा विचार केला तर हे निरीक्षण थक्क करणारं आहे.

पण हंटरचं नाव आज अस्थिरोगतज्ज्ञांच्या प्रत्येक परिषदेत निघतं ते त्या मखमलीमुळे नाही. त्याच निबंधात त्याने म्हटलं होतं की खराब झालेली कूर्चा हा फार त्रासदायक विकार आहे, हे हिप्पोक्रॅटिसच्या काळापासून सगळे मानत आले आहेत. आणि ती एकदा नष्ट झाली की पुन्हा येत नाही. वैद्यकातली १७४३ सालची बहुतेक विधानं आज हास्यास्पद वाटतात. हे वाटत नाही. पावणेतीनशेहून जास्त वर्षांत ते पूर्णपणे खोडून काढणं कुणाला जमलेलं नाही. प्रयत्न मात्र भरपूर झाले. या लेखात त्या प्रयत्नांचा हिशेब मांडायचा आहे.

वाटी, गादी, वंगण

आधी शब्दांचं बघू. मराठीत गुडघ्याबद्दल बोलताना तीन शब्द हमखास येतात: वाटी, गादी आणि वंगण. वाटी म्हणजे पुढचं गोलसर हाड. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला आपल्याकडे सर्रास 'वाटी बदलली' म्हणतात, पण त्या शस्त्रक्रियेत मुख्यतः मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक बदलतात. वाटीची मागची बाजू कधी बदलतात, कधी तशीच ठेवतात. 'गादी' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे हाडांना चिकटलेली कूर्चा. दुसरी म्हणजे त्या दोन हाडांच्या मधे बसलेल्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. आणि वंगण म्हणजे सांध्यातला चिकट द्रव. 'वंगण संपलं' हे घराघरातलं निदान असलं, तरी दुखऱ्या गुडघ्यात बऱ्याचदा हा द्रव कमी नसतो, उलट जास्त झालेला असतो. गुडघा सुजतो तो त्यामुळेच.

कूर्चा हा पदार्थ अजब आहे. गुडघ्यातली तिची जाडी काही मिलिमीटरच, पण तिचं घर्षण बर्फावर बर्फ घासला तर होतं त्याहून कमी. तिच्या वजनाचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग पाणी. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेनचं जाळं आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे रेणू. पेशी अगदी विरळ, आणि त्या आपापल्या कोनाड्यात अडकलेल्या. रक्तवाहिन्या नाहीत. नसा नाहीत. कातडीला जखम झाली की रक्त येतं, गुठळी होते, रक्ताबरोबर दुरुस्तीचं सगळं मनुष्यबळ तिथे पोचतं. कूर्चेला खोक पडली तर तिथे कुणीच येत नाही, कारण यायला रस्ताच नाही.

हे किती टोकाचं आहे याचा पुरावा एका अनपेक्षित ठिकाणाहून आला. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या. त्यामुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण झपाट्याने वाढलं आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर हळूहळू उतरत गेलं. तो कार्बन अन्नातून सगळ्यांच्या शरीरात गेला. शरीराचा एखादा भाग कोणत्या काळात घडला, हे त्यातल्या कार्बनच्या प्रमाणावरून सांगता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेची अशी तपासणी केली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: कूर्चेतलं कोलॅजेन पौगंडावस्थेपर्यंत तयार होतं, त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. निरोगी गुडघ्यातही नाही, संधिवाताच्या गुडघ्यातही नाही. चाळिशीतला माणूस ज्या गादीवर चालतो ती त्याची शाळेतलीच असते. हंटर बरोबर होता, आणि का बरोबर होता हे कळायला अणुबॉम्ब फुटावे लागले.

तीन डॉक्टर, तीन मतं

मी डॉक्टर नाही. एका कार्यालयात हिशेब तपासण्याचं काम करते. चव्वेचाळीसाव्या वर्षी, पहिल्या पावसात राजगडावरून उतरताना उजवा पाय दोन दगडांत अडकला आणि अंग वळलं. गुडघ्यात काहीतरी कडकन वाजलं. सूज महिनाभरात उतरली, दुखणं उतरलं नाही. एमआरआयमध्ये दिसलं की मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या गोलव्यावरून कूर्चेचा साधारण दीड चौरस सेंटिमीटरचा भाग हाडापर्यंत निघाला आहे. साधारण बोटाच्या नखाएवढा.

वर्षभर दुखल्यावर मी तीन तज्ज्ञांना भेटले. पहिले म्हणाले, दुर्बिणीतून हाडाला बारीक छिद्रं पाडू, तिथे नवी गादी येईल. दुसरे म्हणाले, छिद्रांची गादी टिकत नाही, तुमच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून बसवू. त्याचा खर्च माझ्या वर्षाच्या पगाराचा मोठा हिस्सा होता. तिसऱ्यांनी माझं चालणं बघितलं, मांडीचा घेर मोजला आणि म्हणाले, काही करू नका, व्यायाम करा. आई फोनवर म्हणाली, "अगं, वंगण संपलं असेल, त्याचं इंजेक्शन मिळतं म्हणे. मामींनी घेतलंय."

एकाच फिल्मकडे बघून तीन हुशार माणसं तीन गोष्टी सांगतात तेव्हा हिशेबनीस काय करतो? तो जुन्या वह्या मागवतो. मी हा इतिहास वाचायला लागले ते असं.

झोपवून ठेवा, कापून टाका

एकोणिसाव्या शतकात दुखऱ्या सांध्यावर मुख्य उपाय होता विश्रांती. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा तिचा सगळ्यात कडवा पुरस्कर्ता. सांधा सक्तीने, अखंड आणि दीर्घकाळ स्थिर ठेवायचा, असं त्याचं मत. त्याच्या नावाची थॉमस स्प्लिंट आपल्या सरकारी रुग्णालयांतही अनेकांनी पाहिली असेल. सांध्यांचा क्षयरोग सर्वत्र असण्याच्या काळात ही विश्रांती अगदीच निरर्थक नव्हती. पण ती सवय क्षयाबरोबर गेली नाही. गुडघ्याला मार लागला की प्लास्टर, हे पुढे कित्येक दशकं चाललं. कूर्चेला मात्र रक्तपुरवठा नसतो. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो द्रव आत-बाहेर खेळतो हालचालीमुळे. तिला स्थिर ठेवणं म्हणजे उपाशी ठेवणं.

चकत्यांची कथा आणखी बोलकी आहे. १८८३ साली एडिंबरोच्या टॉमस ॲनन्डेल यांनी एका खाणकामगाराचा गुडघा उघडला आणि सुटलेली चकती टाके घालून जागेवर बसवली. खाणकामगार कामावर परत गेला. एवढ्या चांगल्या सुरुवातीनंतर खरं तर दुरुस्तीची परंपरा सुरू व्हायला हवी होती. झालं उलटं. जॉन ब्लँड-सटन या नामवंत इंग्रज शल्यचिकित्सकाने शतकाच्या अखेरीस लिहिलं की या चकत्या म्हणजे पायातल्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष आहेत. निरुपयोगी असतील तर ठेवायच्या कशाला? पुढची सत्तर-ऐंशी वर्षं फाटलेली चकती पूर्ण काढून टाकणं हीच रीत झाली. फुटबॉलपटू, सैनिक, कामगार असे हजारो लोक ही शस्त्रक्रिया करून घेऊन लवकर बरे झाले आणि डॉक्टरांचे आभार मानून घरी गेले.

१९४८ साली टी. जे. फेअरबँक यांनी असे काही गुडघे काही वर्षांनी पुन्हा एक्स-रेखाली पाहिले. हाडाला कडा फुटलेल्या, गोलवा चपटा झालेला, दोन हाडांमधली फट कमी झालेली. ज्या चकतीला निरुपयोगी ठरवलं होतं ती भार वाटून देत होती. ती गेल्यावर सगळा भार कूर्चेवर आला होता. या निबंधानंतरही पूर्ण चकती काढण्याची रीत मागे पडायला आणखी दोन-तीन दशकं लागली. कारण उघड आहे. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी रुग्ण खूश असायचा. पंधरा वर्षांनी तो पुन्हा लंगडत यायचा तेव्हा त्याच डॉक्टरांकडे येईलच असं नव्हतं. नफा लगेच जमा व्हायचा आणि तोटा दुसऱ्याच कुणाच्या तरी वहीत.

जमिनीवर बसणाऱ्यांचा शोध

गुडघ्यात दुर्बीण घालण्याच्या कल्पनेमागे मांडी घालून बसणारा समाज आहे, हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं. १९१८ साली टोकियो विद्यापीठातल्या केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांच्यापुढचा प्रश्न होता क्षयाने आखडलेला गुडघा. खुर्ची-टेबलवर जगणाऱ्या समाजात ताठ गुडघा ही अडचण असते. जपानमध्ये जेवण, पाहुणचार, प्रार्थना, शौच सगळं गुडघे दुमडून. तिथे ताठ गुडघ्याचा माणूस समाजातूनच बाजूला पडायचा. रोग लवकर ओळखावा म्हणून आत डोकावायचं, हा त्यांचा हेतू होता. पंगतीत, कीर्तनात, भाजी निवडताना, सत्यनारायणाला जमिनीवर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ताकागींच्या आधी १९१२ साली डेन्मार्कच्या सेव्हरिन नॉर्डेन्टॉफ्ट यांनीही बर्लिनच्या परिषदेत अशा उपकरणाबद्दल सांगितलं होतं. पण परंपरा रुजली ती जपानमध्ये. ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी महायुद्धानंतर एकामागून एक दुर्बिणी बनवल्या आणि 'क्रमांक २१' ही पहिली खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी ठरली. तिच्या टोकाला इवलासा दिवा होता आणि तो सांध्याच्या आत फुटण्याची भीती असायची. १९६२ साली वातानाबेंनी दुर्बिणीतून फाटक्या चकतीचा फक्त फाटका भाग काढला. टोकियो ऑलिंपिकच्या सुमारास तिथे आलेले कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन हे तंत्र शिकले आणि परत घेऊन गेले. तिथून ते जगभर पसरलं.

दुर्बिणीने दोन गोष्टी केल्या. मोठी चीर गेली, रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला. आणि शल्यचिकित्सकाला पहिल्यांदाच कूर्चेवरची प्रत्येक खोक पडद्यावर मोठी करून दिसू लागली. दिसलेली खोक दुरुस्त करावीशी वाटणं अगदी माणसासारखं आहे.

रक्ताला वाट करून द्या

दुरुस्तीची एक कल्पना दुर्बिणीच्याही आधीची होती. ब्रिस्टलचे केनेथ प्रिडी यांनी १९५९ साली मांडलं की कूर्चेखालच्या हाडात ड्रिलने छिद्रं पाडली तर मज्जेतलं रक्त वर येतं, त्याची गुठळी होते आणि तिच्यातून नवा थर तयार होतो. कूर्चेकडे रस्ता नाही ना, मग आपणच खोदू. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमन यांनी हेच दुर्बिणीतून आणि ड्रिलऐवजी टोच्याने, तीन-चार मिलिमीटर अंतरावर छिद्रं पाडून करायला सुरुवात केली. त्यांच्याकडे बर्फावरून घसरण्याच्या खेळातले मोठे खेळाडू यायचे. स्वस्त, सोपं, एका बैठकीत होणारं हे तंत्र 'मायक्रोफ्रॅक्चर' नावाने सगळीकडे गेलं. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी सुचवलं ते हेच.

तयार होणारा थर मात्र मूळ कूर्चा नसते. ती असते तंतुमय कूर्चा, वेगळ्या जातीच्या कोलॅजेनची. जखमेच्या व्रणाची बहीण म्हणा. मखमलीच्या जागी गोणपाटाचं ठिगळ. ठिगळही काही वर्षं काम देतं, विशेषतः भोक लहान असेल आणि माणूस तरुण असेल तर. पण ते लवकर विरतं.

याच काळात टोरोंटोत रॉबर्ट सॉल्टर सशांवर प्रयोग करत होते. कूर्चेला छोटी भोकं पाडलेल्या सशांपैकी काहींचे पाय त्यांनी प्लास्टरमध्ये ठेवले, काहींना पिंजऱ्यात मोकळं सोडलं आणि काहींचा गुडघा यंत्राने सतत हळूहळू हलवत ठेवला. सगळ्यात चांगली भरून आली ती हलत राहिलेल्या गुडघ्यांतली भोकं. थॉमसच्या विश्रांतीला शंभर वर्षांनी मिळालेलं हे उत्तर होतं. सशाची कूर्चा माणसाच्या कूर्चेहून खूप पातळ आणि भरून यायला सोपी, त्यामुळे सशात जमलेलं सगळं माणसात जमत नाही. पण 'हलवा' हा धडा टिकला.

पेशींची शेती

१९९४ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि सहकाऱ्यांनी तेवीस रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या भागातून कूर्चेचा छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे वाढवायच्या, नडगीवरच्या पातळ आवरणाचा तुकडा भोकावर शिवायचा आणि त्याखाली पेशी सोडायच्या. मांडीच्या हाडावर इजा असलेल्या सोळांपैकी चौदाजण दोन वर्षांनी चांगल्या स्थितीत होते. वाटीच्या मागे इजा असलेल्या सातांपैकी फक्त दोन. हंटरचा निकाल फिरल्यासारखा वाटला. १९९७ साली अमेरिकेत या उपचाराला परवानगी मिळाली. भारतातही २०१७ साली रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वाढवण्याच्या अशा उपचाराला औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली.

हिशेबनीस म्हणून माझी पेन्सिल अडली ती एका जागी. त्या तेवीसांची तुलना कुणाशीच नव्हती. हेच लोक काही न करता दोन वर्षांनी कसे असते?

नॉर्वेतल्या डॉक्टरांनी निदान पुढची पायरी गाठली. ऐंशी रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी: चाळीस जणांना पेशी, चाळीस जणांना मायक्रोफ्रॅक्चर. दोन वर्षांनी, २००४ साली सांगितलेला निष्कर्ष असा की महागड्या पेशी आणि स्वस्तातली छिद्रं यांत लक्षणीय फरक नाही. त्यांनी तेच रुग्ण पुढे पंधरा वर्षांपर्यंत तपासले. पेशीवाल्या चाळीसपैकी सतरांचा उपचार फसला होता, छिद्रवाल्या चाळीसपैकी तेरांचा. दोन्ही गटांतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या एक्स-रेत संधिवाताच्या खुणा होत्या. नंतर तंत्र सुधारलं. पेशी पातळ पडद्यावर बसवून लावायला लागले, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या १४४ रुग्णांच्या तुलनेत, तीन चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या इजांसाठी, हा पडदा छिद्रांपेक्षा सरस ठरला. म्हणजे पेशींची शेती खोटी नाही. फक्त तिचं शेत कोणतं हे ठरलेलं आहे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने २०१७ साली तिला मान्यता देताना अटी घातल्या: इजा दोन चौरस सेंटिमीटरहून मोठी, आधी दुरुस्तीची शस्त्रक्रिया झालेली नाही, आणि सांध्यात संधिवात अगदी कमी. माझी इजा दीडची. दुसऱ्या डॉक्टरांनी ही अट मला सांगितली नव्हती.

खोटी शस्त्रक्रिया

'कशाच्या तुलनेत?' हा प्रश्न सगळ्यात निर्दयपणे विचारला गेला तो टेक्सासमधल्या ह्यूस्टनला. तिथे संधिवाताच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतलं धुऊन-खरवडून साफ करण्याची शस्त्रक्रिया सर्रास होत होती. अमेरिकेत वर्षाला साडेसहा लाखांहून जास्त, अंदाजे पाच हजार डॉलर्स प्रत्येकी. ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी १८० माजी सैनिकांचे तीन गट केले. एकाचा गुडघा खरवडला, दुसऱ्याचा फक्त धुतला, तिसऱ्याच्या कातडीला नुसते छेद दिले. तिसऱ्या गटासाठी शल्यचिकित्सकाने अवजारं मागितली, पाणी उडवल्याचे आवाज केले, सगळं खऱ्यासारखं. रुग्णांना आपण कोणत्या गटात हे माहीत नव्हतं, पण खोटी शस्त्रक्रिया होऊ शकते याला त्यांनी आधीच संमती दिली होती. दोन वर्षं पाठपुरावा झाला. २००२ साली निकाल आला: तिन्ही गट सारखेच. २०१३ साली फिनलंडमध्ये झिजून फाटलेल्या चकतीच्या १४६ रुग्णांवर असाच प्रयोग झाला आणि निकालही तसाच लागला.

या प्रयोगांनी गुडघ्याच्या सगळ्या शस्त्रक्रिया खोट्या ठरत नाहीत. गुडघा अडकत असेल, हाडाचा तुकडा आत फिरत असेल, तरुण माणसाची चकती अपघातात फाटली असेल तर गोष्ट वेगळी. पण एक समजुतीचा मुद्दा त्यांनी कायमचा बदलला. शस्त्रक्रियेनंतर माणूस बरा झाला एवढ्यावरून शस्त्रक्रियेमुळे बरा झाला असं म्हणता येत नाही. गुडघेदुखीला भरती-ओहोटी असते. आपण डॉक्टरांकडे जातो भरतीला, आणि ओहोटीचं श्रेय मधे जे काही केलं त्याला देतो.

दुखतं ते नेमकं काय?

मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली नोंद एका शल्यचिकित्सकाच्या स्वतःच्या गुडघ्याची आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कॉट डाय यांनी सांधा आतून बधिर न करता स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली आणि सहकाऱ्याला आतल्या एकेका भागाला सळईने टोचायला सांगितलं. कुठे किती दुखलं याचा नकाशा त्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. सांध्याचं अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी यांना स्पर्श होताच असह्य कळ. वाटीच्या मागच्या कूर्चेला टोचलं तर काहीच नाही. आणि ती कूर्चा चांगलीच खराब झालेली निघाली, जिचा त्यांना कधीच त्रास झाला नव्हता.

कूर्चेत नसाच नाहीत म्हटल्यावर हे अपेक्षितच. पण याचा अर्थ काय होतो ते बघा. एमआरआयमध्ये दिसणारं भोक आणि मला होणारं दुखणं या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असतीलच असं नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या ९९१ लोकांचे गुडघे तपासले, तेव्हा चकती फाटलेल्यांपैकी एकसष्ट टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्यात दुखणं, ठणकणं किंवा आखडणं काहीच नव्हतं. दुखतं ते अस्तर, उघडं पडलेलं हाड, दमलेले स्नायू, आणि महिनोन्महिने इशारे देऊन हळवी झालेली मज्जासंस्था. भोक हे कारण असू शकतं. पण भोक बुजवणं हा दुखणं थांबवण्याचा एकमेव रस्ता नाही, आणि खात्रीचा तर नाहीच.

इंजेक्शनांची वही

आईच्या वंगणाचाही हिशेब केला. सांध्यातल्या द्रवात असणारं हायलुरोनिक आम्ल कोंबड्याच्या तुऱ्यातून काढून गुडघ्यात टोचण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. काहींना थोडा आराम मिळतो. पण २०१३ साली अमेरिकेतल्या अस्थिशल्यतज्ज्ञांच्या अकादमीने गुडघ्याच्या संधिवातात ते वापरू नये असं स्पष्ट सांगितलं. स्टिरॉइड १९५१ पासून टोचलं जातंय. भडकलेली सूज काही आठवडे शांत करायला ते उपयोगी आहे, पण २०१७ सालच्या एका चाचणीत दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते घेणाऱ्यांची कूर्चा मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली, आणि दुखणं कमी झालं नाही. स्वतःच्याच रक्तातल्या बिंबिकांचं, म्हणजे पीआरपीचं इंजेक्शन २०२१ साली ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर पारखलं. वर्षाअखेरीस तेही मिठाच्या पाण्याहून सरस ठरलं नाही. या चाचण्या संधिवाताच्या गुडघ्यांवरच्या आहेत, माझ्यासारख्या ताज्या इजेवरच्या नाहीत, हे खरं. पण मला इंजेक्शन सुचवणाऱ्या कुणीही वेगळ्या चाचण्या दाखवल्या नाहीत. 'स्टेम सेल'च्या जाहिरातींबद्दल एवढंच पुरे: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे हे उपचार पैसे घेऊन करायला परवानगी नाही.

आणि वाटी बदलणं? २००० साली पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीमध्ये डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा ही शस्त्रक्रिया आपल्याकडे घरोघरी पोचली. राणावत १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आधुनिक कृत्रिम गुडघा घडवणाऱ्या गटातले. २०१७ साली केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली आणि ती अनेकांच्या आवाक्यात आली. सांधा पूर्ण झिजलेल्या वयस्क माणसासाठी ही विसाव्या शतकातली मोठी देणगी आहे. पण ती कूर्चेची दुरुस्ती नाही. दुरुस्ती जमली नाही म्हणून शोधलेली बगल आहे. चाळिशीतल्या माणसाला ती आयुष्यभर पुरेल याची खात्री नसते.

शिल्लक

मी तिसऱ्या डॉक्टरांचं ऐकलं. ते म्हणतात म्हणून नव्हे, तर वह्यांमध्ये त्यांच्या बाजूची जमा सगळ्यात स्वच्छ होती म्हणून. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू बळकट करणं, आठवड्यातून तीन दिवस, आणि दुखण्यावर नजर ठेवून भार हळूहळू वाढवणं. वजन एक किलोने कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो; हा सगळ्या औषधांतला सगळ्यात किफायतशीर व्यवहार आहे. दीड वर्ष झालं. दुखणं गेलेलं नाही. जिना उतरताना ते भेटतं, पावसाळ्यात जास्त. पण मी चार किलोमीटर चालते, रात्री झोपते, आणि जमिनीवर पाट घेऊन बसू शकते. कूर्चेचं भोक तसंच असेल. मी पुन्हा एमआरआय केला नाही, कारण त्यातलं उत्तर माझ्या प्रश्नाचं नाही.

माझं उत्तर तुमचं असेलच असं नाही. विशीतल्या खेळाडूच्या गुडघ्यात चार चौरस सेंटिमीटरचा खड्डा असेल, तर त्याने पेशींचा विचार जरूर करावा. पाय धनुष्यासारखा वाकलेला असेल तर हाड कापून भार दुसऱ्या बाजूला वळवण्याची, १९६० च्या दशकात रुजलेली शस्त्रक्रियाही आहे. पण कुठल्याही दवाखान्यात तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. माझ्या वयाच्या, माझ्याएवढ्या इजेच्या लोकांवर याची तुलना कशाशी झाली आहे? ती माणसं दोन वर्षांनी नव्हे, दहा वर्षांनी कशी होती? आणि काहीच केलं नाही तर काय होईल? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. माझे तिसरे डॉक्टर तर खुर्ची पुढे ओढून बसले.